देवाच्या घरी पदर

आत्याबाई,

तुमचा पदर मी खांद्यावरच ठेवला. शवपेटीत तुम्हाला निजवल्यावर पाळकीणबाईंनी तो नीट डोक्यावर ओढून दिला होता. मी पुढे झाले आणि मागे सारला. अख्खी मंडळी बघत होती. बायकांच्या बाजूला जी कुजबुज सुरू झाली, ती तुम्ही असतात तर मागे वळून एका नजरेत बंद केली असतीत. दफन झालं, शेजाऱ्यांनी आणलेला चहा झाला, आणि शालूवन्स औशाच्या गाडीत बसायच्या आधी माझ्यापाशी आल्या. तुमची एकुलती लेक, रडून रडून आवाज बसलेला. एवढंच म्हणाल्या, "माझ्या आईला तू उघड्या डोक्यानं देवापुढं धाडलंस." मग गेल्या. त्यानंतर माझा फोन त्यांनी उचलला नाही.

तुमच्या लेकाला विचारलं, मी चुकले का? तर म्हणाले, "तुम्हा दोघींच्या ह्या वादात मी आई असताना पडलो नाही, आता कशाला पडू?" खरं आहे त्यांचं. वाद तुमचा आणि माझा. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी सुरू झाला आणि तुम्ही तो अर्धाच टाकून गेलात. म्हणून जे काही सांगायचं ते तुम्हालाच सांगते.

मी नांदेडची. आमच्या तिथल्या चर्चमध्ये पोरी गळ्यात ओढणी टाकून येतात. डोक्यावर घेतली तर घेतली, नाही घेतली तर कुणी विचारत नाही. लग्न होऊन मुखेडजवळच्या तुमच्या गावी आले तेव्हा माझ्या आईनं एकच गोष्ट बजावून पाठवली होती, सासऱ्यांसमोर, वडीलधाऱ्यांसमोर पदर पडू द्यायचा नाही. ते मी इमानेइतबारे पाळलं. आठवडाभर चुलीपाशी, अंगणात, पाणी भरताना डोक्यावर पदर. आणि रविवारी उपासनेला सतरंजीवर बसले, तेव्हा मोकळा श्वास घेऊन पदर खांद्यावर सोडून दिला. मला वाटलं, चला, इथं तरी सुटका.

मागून एक हात आला आणि पदर पुन्हा डोक्यावर. तुमचं गाणं थांबलं नव्हतं, नजर समोर पाळकांकडेच होती. नुसता हात आपलं काम करून परत गेला. मला हसू आलं होतं, आणि भीतीही वाटली होती.

घरी आल्यावर भाकरी थापता थापता तुम्ही विचारलंत, "माझ्यासमोर घेतीस अन् देवासमोर न्हाई, असं कामून? मी काय देवाच्या वरची हाय का?"

नव्या सुनेनं अशा वेळी मान खाली घालायची असते. पण माझे वडील मला वकील म्हणायचे ते काही उगाच नाही. शाळेत विज्ञान शिकवायला लागायच्या आधीपासून मला प्रश्नाची खाज आहे. मी म्हटलं, आत्ताच पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं ना, हे आपल्या बापाचं घर आहे, आपण त्याच्या लेकी आहोत. मग बापाच्या घरी लेक पदर घेते का? माहेरी कोण पदर घेतं, आत्याबाई?

आपल्याकडे ही गोष्ट कुणाला शिकवावी लागत नाही. बाई माहेरच्या फाट्यावर एस.टी.तून उतरली की पदर आपसूक खांद्यावर येतो, चालसुद्धा बदलते. परत निघताना बस दिसली की पुन्हा डोक्यावर. तेव्हा माझा मुद्दा बिनतोड होता. तुमचा हात परातीत थांबला. तव्यावरची भाकरी करपली, तरी तुम्ही ती उलटली नाहीत. ज्या बाईची भाकरी मी त्याआधी आणि त्यानंतर कधी करपलेली पाहिली नाही, तिची ती भाकरी. मला वाटलं, जिंकले. तुम्ही शांतपणे ती भाकरी स्वतःच्या ताटात ठेवलीत आणि म्हणालात, "इचार करून सांगते."

आणि खरंच विचार केलात. हेच तर मला तुमचं आवडायचं. दुसरी सासू असती तर 'तोंड लई चालतं' म्हणून विषय संपवला असता. तुम्ही मात्र वर्षानुवर्षं तो प्रश्न कनवटीला लावून फिरलात. आम्ही लातूरला बिऱ्हाड केल्यावर तर फोनवर त्याची उत्तरं यायला लागली. मध्येच, काही संदर्भ नसताना. हवापाण्याचं बोलणं नाही, पोरांची चौकशी नाही. "वंदे, त्या पदराचं," अशी सुरुवात.

पहिलं उत्तर होतं, मोठ्या बायांनी केलं म्हणून आपण करायचं. ते तुम्हीच दुसऱ्या दिवशी फोन करून मागे घेतलंत. म्हणालात, हे काय उत्तर न्हाई, असं तर बकरी बी करती.

दुसरं उत्तर सासऱ्यांच्या रुमालावरून आलं. तुमच्या सासऱ्यांच्या, म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांच्या. ते उपासनेला जाताना डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळून जायचे. आपल्या भागात त्या काळी बाप्या माणसाचं डोकं उघडं दिसायचं ते घरात कुणी गेलं तरच. आणि चर्चमध्ये तर पुरुषानं डोकं उघडं करायचं! म्हातारा दारात थांबायचा, रुमाल सोडायचा, गुडघ्यावर घडी करून ठेवायचा आणि सगळी उपासना तो दोन्ही हातांनी झाकून बसायचा, डोक्याऐवजी रुमालच लाजल्यासारखा. एकदा बाहेर पडल्यावर तो बांधायचा विसरला. कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर लोक गोळा झाले, कोण वारलं म्हणून. तुम्ही हे सांगताना इतक्या हसलात की फोन कुणाच्या तरी हातात द्यावा लागला. मग परत घेऊन म्हणालात, "बघ, बाप्यानं गावची रीत सोडली देवासाठी. बाईला तर काय सोडावं बी लागलं न्हाई. जे घरी तेच तिथं. देवानं बाईचं सोपं केलं."

मी म्हटलं, सोपं केलं की तसंच ठेवलं? तुम्ही म्हणालात, "थांब. इचार करते."

मीही गप्प बसले नव्हते. लातूरच्या पाळकांना विचारलं. ते म्हणाले, बाईनं डोकं झाकून प्रार्थना करावी, ही प्रेषितानं एका शहरातल्या मंडळीला लिहिलेली गोष्ट आहे, तिथल्या बायकांची तिथली रीत होती. मी मोठ्या उत्साहानं तुम्हाला कळवलं. तुम्ही विचारलंत, त्या गावाहून आपल्या मुखेडपर्यंत ही रीत कशी आली? कुणी आणली? मिशनच्या गोऱ्या मडमबाईंनी म्हणावं, तर तुम्ही जिच्याविषयी ऐकलं होतं ती पदर नव्हे, टोपी घालून यायची, आणि आपल्या बायकांना वाटायचं की तिला ऊन सोसत नाही म्हणून आतसुद्धा काढत नाही. मग आपल्या बायकांनी पदर मडमबाईकडून घेतला की शास्त्रातून, की देशमुखांच्या वाड्यावरच्या बायकांकडे बघून? मला अजून माहीत नाही. तुम्हालाही नव्हतं. पण आपण दोघी एका बाजूला बसून हे खणत होतो, सासू-सून म्हणून नाही, दोन चौकस बायका म्हणून. ते दिवस आठवले की मला तुमचे उपकार वाटतात.

ह्या सगळ्यात तुमचा पदर मात्र कधी चुकला नाही. आम्हाला तो वाचता यायचा. ताटावर बसलात आणि डावा हात पदराकडे गेला की पोरंही घास हातातच धरून ठेवायची, आजी प्रार्थना करून राहिली म्हणून. एस.टी.नं एखादं अवघड वळण घेतलं की पदर डोक्यावर. फोनवर बोलता बोलता तुमचा आवाज जरा दबला की मला कळायचं, आता पदर घेतला, आता कुणासाठी तरी मागणं चाललंय. हात पिठात असले तर कोपरानं ढकलायचात. एकदा कापूस वेचताना पदराची ओटी केलेली, डोक्यावर घ्यायला काही उरलं नाही, तर तुम्ही ओंजळभर कापूसच डोक्यावर ठेवून डोळे मिटलेत. शेजारच्या बाया हसल्या. तुम्ही आमेन म्हणेपर्यंत हसलात नाही, मग त्यांच्याहून जास्त हसलात.

तिसरं उत्तर आलं तेव्हा मी शाळेत होते, मधली सुट्टी. "वंदे, सापडलं," तुम्ही म्हणालात. शास्त्रात जिथं बायकांच्या डोक्याचं लिहिलंय, तिथंच देवदूतांचंही नाव आहे. आजवर त्याचा अर्थ तुम्हाला लागत नव्हता. आता लागला होता. "बापाच्या घरी लेक पदर घेत न्हाई, हाव, खरं हाय तुझं. पण माहेरी पाव्हणे आले तर? घेती का न्हाई? प्रार्थनेला देवदूत येतात, गं. पाव्हणेच की ते."

मी त्या दिवशी व्हरांड्यात उभी राहून मनापासून हसले. इतकं चपखल उत्तर मला कुठल्या पाळकानं दिलं नव्हतं. तरी जिभेला हाड नाही म्हणून बोललेच, म्हणजे पदर देवासाठी नाहीच, पाहुण्यांसाठी! तुम्ही म्हणालात, तू लई वाकड्यात शिरतीस, आणि फोन ठेवून दिलात. तुम्हाला सांगितलं नाही, पण त्यानंतर मी लातूरच्या चर्चमध्ये पदर घ्यायला लागले. पटलं होतं म्हणून नव्हे. तुम्ही इतकी वर्षं शोधून आणलेलं उत्तर वाया जाऊ नये म्हणून.

मग तुम्ही अंगणात पडलात. डोक्यात रक्त साकळलं, लातूरला आणलं, ऑपरेशन झालं. त्यासाठी केस काढले. शुद्धीवर आलात तेव्हा अंगावर दवाखान्याचा झगा, डोक्यावर पट्टी आणि बाकी सगळं पांढरं खुरटं. मी म्हटलं, आत्याबाई, प्रार्थना करू या. तुम्ही मान हलवून नको म्हणालात. मला धक्का बसला. देवावर रुसलात की काय, असं वाटलं. पाळक येऊन गेले, तुम्ही डोळे मिटलेत, पण ओठ हलले नाहीत. दोन दिवस तुम्ही प्रार्थनेवाचून काढलेत. तुम्ही!

माझ्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला. पदर कुठून आणणार? जखमेवर काही घालायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, पट्टी आहे की डोक्याला, ती चालेल. तुम्ही म्हणालात, "पट्टी जखमेची हाय." मग जिकडे जखम नव्हती तिकडे मी माझा तळवा ठेवला. सुनेनं सासूच्या डोक्यावर हात ठेवायची आपल्यात रीत नाही. हात तिथं गेल्यावरच ते माझ्या लक्षात आलं. पण तुम्ही डोळे मिटलेत आणि ओठ हलायला लागले. पुष्कळ वेळ हलले. आमेन झाल्यावर मी हात काढायला गेले, तर तुम्ही माझं मनगट धरलंत.

"राहू दे," म्हणालात. "मामा असा ठेवायचा."

मला माहीत होतं की तुम्ही मामाच्या घरात दिलेल्या. नाती सांगताना सगळेच सांगतात, त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं. त्या दुपारी तुम्ही थांबत थांबत सांगितलंत. तुमची आई लवकर गेली, बापानं दुसरी केली, आणि मामानं तुम्हाला खांद्यावर बसवून ह्या घरी आणलं. तोच मामा, गुडघ्यावर रुमाल धरून बसणारा. संध्याकाळी शेतातून आला की तुम्ही पाण्याचा तांब्या घेऊन धावायचात, आणि तो तांब्या घ्यायच्या आधी तुमच्या डोक्यावर हात ठेवायचा. लोक म्हणायचे, बिनमायची पोर. तो म्हणायचा, माझी हाय. मग त्यानं तुम्हाला आपल्याच पोराला दिलं, कुठं परक्या घरी जाऊ नये म्हणून. मांडव त्याच दारात पडला. वरात निघायला दुसरं घरच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मामा शेतातून आला, तुम्ही सवयीनं तांब्या घेऊन धावलात, तशाच, उघड्या डोक्यानं. मामी स्वयंपाकघरातून दबक्या आवाजात ओरडली, पदर! तुम्ही पदर ओढलात. मामानं दुसरीकडे बघत तांब्या घेतला. सुनेच्या डोक्याला सासऱ्यानं हात लावायचा नसतो.

"पदर आला अन् हात गेला," तुम्ही म्हणालात. "तेच घर, तोच उंबरा. माझं माहेर कुठं सरलं अन् सासर कुठं लागलं, मलाच न्हाई कळलं. तू भाकरीच्या वक्ताला इचारलंस तवा मी काय सांगणार होते?"

मी विचारलं, मग देवाचं घर तुम्हाला कोणतं वाटतं? तुम्ही म्हणालात, थकले, उद्या बोलू. मी हात काढला नाही, तुम्हाला झोप लागेपर्यंत. उद्या उजाडलं तेव्हा तुम्ही बोलण्याच्या पलीकडे गेला होतात. तुमचं चौथं उत्तर काय होतं, हे मला कधीच कळणार नाही, आणि त्याची हळहळ मला तुमच्या जाण्याइतकीच आहे.

तर असं झालं, आत्याबाई. पेटीपाशी पाळकीणबाईंनी पदर पुढे ओढला तो प्रेमानंच. एक तर तुमची जन्माची सवय, आणि दुसरं, ते कापलेले केस कुणाला दिसू नयेत म्हणून. उघडं डोकं आणि कापलेले केस, दोन्ही बाईची शोभा घालवतात असंच सगळ्या शिकत आल्या आहेत. मी त्या झाकलेल्या डोक्याकडे पाहिलं आणि मला राहवलं नाही. मला वाटलं, ही बाई आता बापाकडे चालली आहे. तिथं पोचल्यावर त्यानं हात ठेवायचा म्हटलं, तर पदर बघून तोही दुसरीकडे बघेल का? म्हणून सारला. पुढची प्रार्थना सुरू व्हायच्या आधी माझा मात्र मी डोक्यावर घेतला. पाहुणे होते ना.

पण घरी येऊन अंथरुणावर पडले आणि भीती वाटायला लागली. एका बाईनं जन्मभर जे एकदाही चुकवलं नाही, ते मी एका क्षणात तिच्यावरून काढून टाकलं. कापूस डोक्यावर ठेवून प्रार्थना करणारी बाई! मला हा अधिकार कुणी दिला? तुम्ही मला तसं सांगितलं नव्हतं. मामाची गोष्ट सांगितली, बस. कदाचित तुम्हाला पदरच हवा असेल. सवय झालेलं लुगडं अंगावरून गेलं की माणसाला गारठा लागतो. आणि माती टाकल्यावर आता ते सुधारायलाही येत नाही.

परवा शालूवन्स आल्या. कळवलं नाही काही, थेट औशाहून बसनं दारात. चहा नको म्हणाल्या. खुर्चीवर टेकल्या न टेकल्या तोच विचारलं, "आईनं तुला सांगितलं होतं का, तसं ठेव म्हणून?"

हाव म्हटलं असतं तर तिथल्या तिथं मिटलं असतं. तुमच्या शब्दापुढं त्या गेल्या नसत्या. जिभेवर आलंही होतं. पण तुमच्या नावानं खोटं बोलायचं माझ्यानं झालं नाही. नाही म्हटलं. मग दवाखान्यातली ती दुपार सांगितली, तांब्याची, मामीच्या ओरडण्याची, हाताची. त्यांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी तो म्हातारा लहानपणापासून आजोबाच होता, तुमचा मामा नव्हताच कधी. माझं बोलून झालं. त्या उठून जातील असं मला वाटलं.

"आजोबा रोज माझ्या डोक्यावर हात ठेवायचे," त्या म्हणाल्या. "शेतातून आले की पहिला हात माझ्या डोक्यावर, मग पाणी. पाणी आईच आणायची. तांब्या देऊन बी ती आत जायची न्हाई. पदर धरून तिथंच उभी ऱ्हायची, माझ्याकडं बघत." मग म्हणाल्या, "मला वाटायचं, रिकामा तांब्या न्यायला थांबलीय."